फिलर : काय भरायचं, किती आणि कोणाकडून?

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इंदूरमध्ये लग्नसराई जवळ आली की दवाखान्यात फिलरची चौकशी वाढते. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांतही मैत्रिणी हळूच बाजूला घेऊन विचारतात, म्हणून आज सगळ्यांसाठीच लिहिते.

वय वाढतं तसा चेहरा नुसता सुरकुतत नाही, आतून रिता होतो. त्वचेतलं कोलॅजेन कमी होतं, गालांतली चरबी आटते आणि खाली सरकते, जबड्याचं हाडही झिजतं. मग गाल बसतात, डोळ्यांखाली खळगे पडतात. फिलर म्हणजे ही रिकामी जागा भरणारं जेल. सर्वाधिक वापर हायलुरॉनिक अ‍ॅसिडच्या जेलचा होतो. हा पाणी धरून ठेवणारा पदार्थ आपल्या त्वचेत मुळातच असतो. सुरकुत्यांसाठी त्याच्या जेलला अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळाली. बोटॉक्स वेगळं. ते स्नायू सैल करून कपाळावरच्या आठ्या कमी करतं.

एका सिरिंजमध्ये साधारण १ मिलिलीटर जेल असतं, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. तेवढ्यात वीस वर्षं मागे जाता येत नाही. परिणाम जागेनुसार साधारण ६ ते १८ महिने टिकतो. लोंबलेली त्वचा फिलरने वर उचलली जात नाही. त्या हट्टापायी जेल भरत गेलं, तर चेहरा तरुण नाही, सुजलेला दिसतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. चेहऱ्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. जेल चुकून वाहिनीत शिरलं तर रक्तपुरवठा तुटतो. त्यामुळे त्वचा मरू शकते आणि क्वचित दृष्टीही जाते. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल विरघळवणारं औषध आहे : हायलुरोनिडेज. पण ते वेळेवर मिळायला हवं. म्हणून दर विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. जेल कोणतं आहे? सीलबंद खोका माझ्यासमोर उघडाल ना? हायलुरोनिडेज इथे ठेवलेलं आहे का? ब्यूटी पार्लरमध्ये स्वस्तात मिळतंय म्हणून सुई टोचून घेऊ नका. सिलिकॉनचं इंजेक्शन तर नकोच. ते विरघळवता येत नाही.

इंजेक्शननंतर खूप दुखू लागलं, त्वचा पांढरी पडली किंवा निळसर जाळी उमटली, तर लगेच डॉक्टरांना गाठा. दिसण्यात जराही फरक पडला तर थेट मोठं रुग्णालय गाठा. सकाळपर्यंत वाट पाहू नका.

थोडी सूज, काळानिळा डाग हे मात्र नेहमीचं. एक-दोन आठवड्यांत जातं. त्यामुळे घरात कार्य असेल तर निदान महिनाभर आधी या. गरोदरपणात, स्तनपान चालू असताना किंवा चेहऱ्यावर पुरळ, जंतुसंसर्ग असताना फिलर टाळतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. त्या स्वतःहून बंद करू नका.

अनेकींना मी फिलर न करताच परत पाठवते. कोणी जाऊबाई "थकलेली दिसतेस" म्हणाल्या, एवढ्यावर सुई उचलायची नसते. स्वतःलाच आरशात खटकत असेल, तर अवश्य या; त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण सनस्क्रीन आजपासूनच लावा. त्याला कोणाची चिठ्ठी लागत नाही.