कराला न दिसणारी हवा

गाडीच्या पोटात : भाग अकरावा

मार्वेच्या जेट्टीवरून मनोरीला होडीने जायला मोजकी मिनिटं लागतात. माणसं चढतात, मासळीच्या टोपल्या चढतात, स्कूटरसुद्धा चढते. मोटार चढत नाही. मोटारवाल्याला मालाडहून दहिसर चेकनाका, काशिमीरा, भाईंदर पश्चिम, मग मुर्धा, राई, मोर्वा, उत्तन, गोराई असं करत खाडीपलीकडे उगवावं लागतं. समोर दिसणाऱ्या गावासाठी तीस-पस्तीस किलोमीटर. (हे सगळं धारावी बेट. दादर-माहीमजवळची धारावी वेगळी. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी घेतली ती ही.)

पण हाच वळसा रविवारी सकाळी मुद्दाम घ्यायला येणारी एक जमात आहे. छोट्या हॅचबॅक गाड्या, रुंद टायर, मागच्या दारावर ‘जीटी’ किंवा ‘टर्बो’ अशी चार अक्षरं. यांच्या मालकांना मनोरीत पोचायची घाई नसते, रस्ता हवा असतो. आजचा भाग त्या गाड्यांवर: खिशाला परवडणारी, टर्बो बसवलेली, रोजच्या रस्त्यावर चपळ चालावी म्हणून केलेली लहान मोटार. आणि अशा गाड्यांचा आपला इतिहास बराचसा पुणे जिल्ह्यात घडला असला, तरी त्याचा नकाशा दिल्लीच्या अर्थखात्याने आखलेला आहे, हे मला सांगायचं आहे.

आधी रस्ता काय मागतो ते पाहू. भाईंदरहून निघालं की मिठागरं, मग गावं, मग उत्तनच्या पुढे झाडी आणि वळणं. इथे ताशी दोनशेच्या वेगाचा उपयोग शून्य. उपयोग कशाचा? पुढे मासळीचा टेम्पो चाळीसने चाललाय, समोरचा रस्ता शंभर-दीडशे मीटर मोकळा दिसतोय, आणि तेवढ्यात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरून सत्तरवर जायला हवी. याला आपण ‘पिकअप’ म्हणतो. इंजिन किती जास्तीत जास्त ताकद देतं यापेक्षा, कमी फेऱ्यांवर किती टॉर्क देतं, यावर तो ठरतो.

मागच्या आठवड्यात आपण साध्या पेट्रोल इंजिनचा श्वास पाहिला होता. एक लिटर पेट्रोल नीट जाळायला वजनाने साधारण पावणेपंधरा पट हवा लागते. म्हणजे जवळपास अकरा किलो. आकारमानात बोलायचं तर नऊ हजार लिटर. एक लिटरच्या बाटलीसमोर नऊ हजार लिटर! पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे, अडचण हवेची आहे. पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढीच आत येणार. १२०० सीसीचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर फार तर १२०० लिटर हवा ओढतं, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदाच श्वास घेतला जातो. जास्त ताकद हवी तर इंजिन मोठं करा किंवा जास्त फेऱ्या फिरवा. टर्बो हा तिसरा मार्ग: तेवढ्याच जागेत हवा कोंबायची.

कोंबायला लागणारी शक्ती येते सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या धुरातून. तापलेला, दाबाखालचा धूर बाहेर पडताना एक छोटं पंख्यासारखं चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चक्र असतं. ते बाहेरची हवा ओढून दाबतं आणि इंजिनात ढकलतं. लोहाराचा भाता लोहाराला हलवावा लागतो. हा भाता आगच हलवते. दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे तेल पुढे पुन्हा येईल.

दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा पातळ होते. म्हणजे कमावलं ते अर्धं गमावलं. म्हणून मध्ये इंटरकूलर, हवा थंड करणारा छोटा रेडिएटर. मेच्या दुपारी पश्चिम द्रुतगती महामार्गावर रखडलेली टर्बो गाडी थोडी जड वाटते आणि जानेवारीच्या सकाळी गोराईच्या वाटेवर तीच टवटवीत वाटते, त्यात मालकाच्या मनःस्थितीचा वाटा असेलही, पण थंड हवेच्या घनतेचा नक्की आहे.

आकड्यांत फरक बघायचा तर टाटाची अल्ट्रॉझ घ्या, पिंपरीत बनणारी. साधं १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन ८८ पीएस ताकद आणि ११५ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. २०२४च्या जूनमध्ये आलेल्या अल्ट्रॉझ रेसरमध्येही इंजिन १.२ लिटरचंच, तीनच सिलिंडरचं. पण टर्बोमुळे १२० पीएस आणि १७० न्यूटन-मीटर. त्याहून महत्त्वाचं, हा टॉर्क १७५० फेऱ्यांपासूनच हाताशी येतो. साध्या इंजिनाला आपला थोडका टॉर्क गाठायलाही तीन हजारांच्या वर चढावं लागतं. टेम्पो ओलांडताना कळतो तो हा फरक.

ही कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरचं पेटंट १९०५चं. १९१८ साली अमेरिकेत विमानाचं टर्बो बसवलेलं इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर नेऊन तपासलं गेलं, कारण विरळ हवेत साधी इंजिनं दम टाकत. प्रवासी मोटारीत टर्बो आला १९६२ साली, पण ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये इंजिन ठोकू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे, आणि लोक ते भरायला विसरत. १९७३ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो नेमकी तेलसंकटाच्या तोंडावर आली आणि १६७२ गाड्यांवर थांबली. तिच्या पुढच्या पट्टीवर ‘टर्बो’ ही अक्षरं उलटी लिहिलेली असत, पुढच्याने आरशात वाचून वाट सोडावी म्हणून. असला उद्धटपणा मनोरीच्या गल्लीत चालला नसता.

आपल्याकडे टर्बो घरोघरी नेला तो डिझेलने. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट रांजणगावला बनायचं, मारुतीने परवाना घेऊन तेच स्विफ्टला बसवलं, टाटाने इंडिका व्हिस्टाला. १२४८ सीसीमधून १९० न्यूटन-मीटर. ‘स्विफ्ट डिझेलचा पिकअप’ ज्यांनी नावाजला, त्यांतल्या अनेकांना आपण टर्बोचं कौतुक करतोय हे ठाऊकही नव्हतं.

आता अर्थखातं. २००६च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६वर आला. लहान म्हणजे काय? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेल १५००च्या. वस्तू-सेवा करातही हीच रेघ राहिली, आणि २२ सप्टेंबर २०२५पासून ती आणखी ठळक झाली: रेघेच्या आतल्या गाडीवर १८ टक्के, बाहेरच्या गाडीवर ४० टक्के.

या व्याख्येत ताकद कुठेच नाही. कर सिलिंडरचं घनफळ मोजतो, त्यात किती हवा कोंबली हे त्याला दिसत नाही. १२०० सीसीतून ८८ पीएस काढा की १२०, कर तोच. बाकीच्या जगात छोट्या टर्बो इंजिनांमागे प्रदूषणाचे नियम होते. ते आपल्यालाही लागू झाले, पण त्याआधी आपल्याकडे टर्बोचा हिशेब सीएने मांडला होता. हे मी टीका म्हणून म्हणत नाही. नियमाच्या चौकटीत बसून जास्तीत जास्त काढणं हेही चांगलं अभियांत्रिकीच आहे.

ही चौकट पाळली तर काय होतं आणि नाही पाळली तर काय होतं, याची दोन उदाहरणं पुण्याच्या एकाच बाजूला सापडतात.

पहिलं चाकणचं. फोक्सवॅगनने २०१३ साली पोलो जीटी टीएसआय आणली. इंजिन ११९७ सीसीचं, रेघेच्या तीन सीसी आत. टर्बो, सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणी, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर आणि दोन क्लचचा सात गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स. सुरुवातीची किंमत आठ लाखांना हजार कमी. त्या काळी हॅचबॅकला आठ लाख म्हणजे घरात भांडण होण्याइतके पैसे होते, पण त्या पैशात असा गिअरबॉक्स दुसऱ्या कुणाकडे नव्हता. २०२०मध्ये इंजिन आणखी आटलं, एक लिटर आणि तीन सिलिंडर, तरी ताकद वाढून ११० पीएस. २०२२ साली पोलो बंद झाली तेव्हा हळहळणाऱ्यांत पोलो कधीच न घेतलेले लोक मोठ्या संख्येने होते. जाहीर हळहळीचं असंच असतं.

दुसरं रांजणगावचं, आणि माझं मन खरं इथे रेंगाळतं. फियाटचा आपल्या उपनगरांशी जुना संबंध. पॅलिओ कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. तिची १.६ लिटरची जीटीएक्स १०० अश्वशक्तीची होती, टर्बोशिवाय, आणि सचिन तेंडुलकरच्या नावाने एस१० अशी एक आवृत्तीही निघाली होती. ती गाडी पेट्रोल प्यायची आणि मालक ते हसत सांगायचे. पुढे फियाटने टाटांबरोबर रांजणगावात संसार थाटला, आणि तिथून ऑक्टोबर २०१५मध्ये बाहेर पडली अबार्थ पुंटो. अबार्थ हे इटलीतलं १९४९चं नाव. संस्थापक कार्लो अबार्थ यांची रास वृश्चिक, म्हणून बोधचिन्ह विंचू. विंचू लावलेली ही गाडी नऊ लाख पंचाण्णव हजारांना होती. १३६८ सीसी, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा. दहा लाखांच्या आत तेव्हा असं काहीच मिळत नव्हतं.

पण १३६८. चार मीटरच्या आत असूनही ही गाडी १६८ सीसीने रेघेबाहेर पडली आणि लहान गाडीच्या जवळपास दुप्पट अबकारी भरू लागली. शिवाय जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटरवर आणलेली. वळणावर त्यामुळे ती रस्त्याला चिकटते. गावात शिरल्यावर, जिथे गतिरोधक घालताना मोजपट्टी वापरण्याची पद्धत नाही, तिथे पोट घासण्याची धास्ती. २०१९च्या सुमारास पुंटोच बंद झाली, तिच्याबरोबर विंचूही.

बाकीच्यांची गतही तीच. मारुतीची बलेनो आरएस २०१७ला आली, २०२०ला गेली. टाटाने कोइम्बतूरच्या जयेमबरोबर केलेली टिआगो जेटीपी २०१८ला सहा लाख एकोणचाळीस हजारांत ११४ पीएस देत होती. बीएस-६ नियम आले तेव्हा तीही पुढे गेली नाही. कारण शोधायला लांब जायला नको. शोरूममध्ये आपला पहिला प्रश्न ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ आणि दुसरा ‘विकताना काय येतील?’ टर्बो इंजिन हळू चालवलं तर छोट्या इंजिनासारखं कमी पितं, दाबलं की मोठ्यासारखं पितं. चाचणीतला आकडा पहिल्या वागणुकीचा असतो, आणि जीटी घेणारा माणूस दुसऱ्या वागणुकीसाठी पैसे मोजतो.

मात्र गाड्या गेल्या तरी इंजिनं राहिली. बलेनो आरएसचं एक लिटरचं इंजिन थोड्या फेरफारांनी आज फ्रॉन्क्समध्ये आहे. अल्ट्रॉझ रेसरचं इंजिन नेक्सॉनच्या घरातलं. भाजी आणायला जाणाऱ्या उंच गाडीत आता शंभर-एकशेवीस पीएस असतात आणि कुणी मागे अक्षरं लावून मिरवत नाही. मला यात थोडं दुःख आहे. कारण ताकद राहिली, पण कमी उंची, घट्ट सस्पेन्शन, नेमकं स्टिअरिंग या गोष्टी गेल्या, आणि वळणावर मजा त्यांचीच असते.

म्हणून जुन्या जीटी आणि अबार्थ सेकंडहँड बाजारात शोधणारे वाढलेत. त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. टर्बो गाडीची ताकद लॅपटॉप लावून, हवेचा दाब वाढवून, तासाभरात वाढवता येते. साध्या इंजिनात हे जमत नाही. त्यामुळे आधीच्या मालकाने ‘रीमॅप’ केलंय का हे विचारा, आणि ‘नाही’ या उत्तरावर लगेच विश्वास ठेवू नका. गाडीत कंपनीच्या मूळ रचनेबाहेरचे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ला चालत नाहीत, फटफटणारा सायलेन्सर तर नाहीच. रविवारी सकाळी सहाला गावठाणातल्या लोकांनी शिव्या दिल्या तर त्या रास्तच आहेत.

तेल बदलल्याच्या पावत्या मागा, नुसता शब्द नको. दीड लाख फेऱ्यांनी फिरणारा दांडा फक्त तेलावर जगतो. चुकीच्या प्रतीचं किंवा जळकं तेल त्याला आधी मारतं आणि इंजिनाला नंतर. सकाळी थंड इंजिन पहिल्यांदा सुरू करताना तुम्ही हजर राहा. निळसर धूर दिसला तर तेल टर्बोवाटे किंवा पिस्टनवाटे जळतंय. किमतीची घासाघीस तिथेच थांबवून परत फिरा. तिसऱ्या गिअरमध्ये पंधराशे फेऱ्यांवरून पूर्ण दाबून पाहा. क्षणभर थांबून मग ओढ आली तर ठीक, चक्राला गती घ्यायला तेवढा वेळ लागतोच. ओढ आलीच नाही आणि नुसतं फुसफुसलं, तर कुठेतरी हवेची नळी सुटलेली आहे, आणि ती बहुधा स्वस्तात दुरुस्त होते. जोरात चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवा, तापलेल्या दांड्यावरून तेल फिरू द्या.

पोलोचा दोन क्लचचा गिअरबॉक्स मुंबईच्या रेंगाळत्या गर्दीत का तापतो, हा वेगळा आणि लांबलचक विषय. तो पुढच्या आठवड्यात.