'कॅप्रा' हे नाव आणि पवित्र शास्त्रातील शेळी

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायावर बोलताना आपल्यापैकी पुष्कळ उपदेशक शेळीला अकारण दुष्ट ठरवितात. मेंढरू नम्र, शेळी हट्टी, असा पाठ धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांकडून वदवून घेतला जातो. मूळ वचनात शेळीच्या स्वभावाविषयी एक अक्षरही नाही. हा प्राणी कोण व त्याचे आप्त कोण, हे नीट पाहिल्यास अशा विवेचनाला आळा बसेल, असे आम्हांस वाटते. म्हणून प्राणिशास्त्रातील त्याच्या नावापासून आरंभ करतो.

स्वीडनचे निसर्गपंडित कार्ल लिनियस यांनी १७५८ साली आपल्या वर्गीकरण-ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत शेळीला 'कॅप्रा हिर्कस' हे नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. जणू आडनाव आधी व नाव नंतर. लॅटिनमध्ये 'कॅप्रा' म्हणजे शेळी आणि 'हिर्कस' म्हणजे बोकड. लिनियस यांनी ही प्रजाती फार सैल हाताने भरली होती. आपला काळवीटही तेव्हा त्यांनी 'कॅप्रा सर्व्हिकॅप्रा' म्हणून तीतच घातला होता. पुढे तो 'अँटिलोप' या प्रजातीत गेला. पण 'हरिण-शेळी' अशा अर्थाचा नावाचा दुसरा भाग त्याला आजही चिकटलेला आहे. आज या प्रजातीत खरोखरीच्या शेळ्या व त्यांचे डोंगरी भाऊबंदच उरले आहेत. काश्मीरमधील मारखोर व लडाख-स्पितीतील आयबेक्स हे त्यांपैकी होत. दक्षिणेतील नीलगिरी ताहर मात्र बोकडासारखा दिसत असूनही 'कॅप्रा' नव्हे.

पाळीव शेळीचा पूर्वज 'कॅप्रा एगाग्रस' हा रानबकरा. त्याच्या नावात 'शेळी' आणि 'रान' हे दोन ग्रीक शब्द आहेत. आजच्या इराणमधील झाग्रोस पर्वतात सुमारे १०,००० वर्षांपूर्वी शेळ्या पाळल्या जात होत्या, असे उत्खननांवरून दिसते. मेंढीची प्रजाती वेगळी. तिचे नाव 'ओव्हिस'. शेळीच्या पेशीत ६० गुणसूत्रे असतात, मेंढीच्या ५४. म्हणून एका कळपात वाढूनही दोघींचा संकर सहसा होत नाही. धनगराला हे आकडे ठाऊक असण्याची गरज नाही. शेळीची आखूड शेपटी वर उचललेली, मेंढीची खाली लोंबणारी. शेळी झुडपाचा पाला ओरबाडते, मेंढी गवतावर मान घालते. एवढे त्याला पुरते.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. इब्री भाषेत डोंगरावरच्या रानबकऱ्याला 'याएल' म्हणतात. अभ्यासक त्याची ओळख 'कॅप्रा नुबियाना' अशी सांगतात. नराची मागे वळलेली शिंगे मीटरभर लांब होतात. शौल दाविदाच्या शोधार्थ तीन हजार माणसे घेऊन ज्या खडकांकडे गेला, ते याच प्राण्याच्या नावाचे होते (१ शमुवेल २४:२). स्थळ एन-गेदी, अर्थात 'करडाचा झरा'. मृत समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील त्या कड्यांवर हे बकरे आजही चरतात. उंच डोंगर त्यांना दिलेले आहेत, असे स्तोत्र १०४ सांगते. ईयोबाच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात देव प्रथम त्यांच्या विण्याविषयीच प्रश्न करतो. सीसराला मारणाऱ्या याएलेचे नावही हेच. प्राण्याविषयी तिरस्कार असता तर ते मुलीला ठेवले गेले असते काय?

पाळीव शेळीचाही मान कमी नाही. इब्री 'त्सोन' या शब्दात शेळ्या-मेंढ्यांचा एकत्र कळप येतो. वल्हांडणाचा पशू मेंढरांतून किंवा बकऱ्यांतून घ्यावा, असे निर्गम १२:५ मध्ये स्पष्ट आहे. केवळ 'कोकरू' म्हणत राहिल्याने हे आपल्या लक्षातून निसटते. निवासमंडपावरील तंबूचे पडदे बकऱ्यांच्या केसांचे होते. प्रायश्चित्ताच्या दिवशी सर्व लोकांसाठी दोन बोकड आणले जात.

तेव्हा मत्तयाच्या दृष्टांतातील मेंढपाळ चांगल्या पशूंतून वाईट पशू निवडत नाही. एका कळपात चरलेल्या दोन प्रजाती तो वेगळ्या करतो. उजवीकडे कोण व डावीकडे कोण, याचे कारण त्यापुढील वचनांत आहे, आणि ते भुकेल्या, तान्हेल्या व उघड्या माणसांशी कोण कसे वागले, हे आहे. तेथे शेळ्यांसाठी योजलेला 'एरिफॉस' हा ग्रीक शब्द मुळात करडाचा. लूकच्या पंधराव्या अध्यायात वडील मुलगा बापाकडे तक्रार करतो ती याच शब्दाने: मित्रांबरोबर आनंद करण्यासाठी आपल्याला एक करडूही कधी मिळाले नाही.