मासिक पास की तिमाही? हप्त्यात भरलेल्या पैशाचं गणित आणि त्यामागचं संशोधन

गेल्या महिन्यात कळमनुरीहून रोज हिंगोलीला अभ्यासिकेत येणाऱ्या एका ज्युनिअरचा फोन आला. एम.एस्सी. झालीय, नेटची तयारी चालू आहे. कॉलेजातून नाव कमी झालं आणि त्याबरोबर एसटीचा विद्यार्थी सवलतीचा पासही गेला. त्याने विचारलं, "ताई, मासिक पास काढू की तिमाही? तिमाही स्वस्त पडतो म्हणतात, पण एवढे पैसे एकदम कुठून आणू?"

प्रश्न साधा वाटला म्हणून पटकन उत्तर द्यायला गेले आणि अडकले. मग कागद घेतला. त्या कागदावर जे निघालं ते तुमच्यासाठी लिहितेय. पासचं गणित तर कळेलच, पण रोजच्या जगण्यातला प्रश्न संशोधनाचा प्रश्न कसा होतो, हेही यातून दिसतं.

आधी आकडे

एसटीच्या साध्या पासचा नियम असा आहे: मासिक पासला २० दिवसांचं जाण्यायेण्याचं भाडं भरायचं आणि ३० दिवस फिरायचं. तिमाही पासला ५० दिवसांचं भाडं भरायचं आणि ९० दिवस फिरायचं.

समजा एका बाजूचं तिकीट ४० रुपये आहे (हिशोबापुरतं धरलंय, तुमचं भाडं तुम्ही घाला). रोजचे ८० रुपये झाले. मग मासिक पास १,६०० रुपये, तिमाही ४,००० रुपये. तीन वेळा मासिक काढला तर ४,८००. म्हणजे दरमहा भरण्याची किंमत ८०० रुपये.

आता हेच वेगळ्या बाजूने बघा. आज ४,००० ऐवजी १,६०० भरले, तर २,४०० रुपये तुमच्या खिशात राहिले. त्या बदल्यात पुढचे दोन महिने १,६०० प्रमाणे ३,२०० भरायचे. हे कर्ज असतं तर व्याजाचा दर किती झाला असता? सूत्रात घालून बघा: २,४०० = १,६००/(१+र) + १,६००/(१+र)². उत्तर येतं महिन्याला साधारण २१.५ टक्के. ताळा करून बघा: २,४०० वर २१.५ टक्के धरले की २,९१६ होतात, त्यातून १,६०० वजा, उरले १,३१६. त्यावर पुन्हा २१.५ टक्के, आले जवळपास १,६००. जुळलं.

गावात शेकडा तीन रुपये महिन्याने कुणाकडून २,४०० उसने घेतले, तर दोन हप्ते प्रत्येकी १,२५४ रुपयांचे, एकूण २,५०८. म्हणजे व्याजाने पैसे काढून तिमाही पास घेणंसुद्धा जवळपास ७०० रुपयांनी स्वस्त! ज्याच्याकडे एकरकमी पैसे नसतात त्याला तीच वस्तू महाग पडते, हे आपण ऐकलेलं असतं. इथे ते आकड्यात दिसतं.

पण थांबा, हे कर्ज नाही

वरच्या हिशोबात एक गृहीतक गुपचूप घुसलंय: तिन्ही महिने तो रोज येणारच. कर्जाचा हप्ता चुकवता येत नाही, मासिक पास मात्र पुढच्या महिन्यात काढला नाही तरी चालतो. या सुटकेलाही किंमत आहे.

समजा दोन महिने मासिक पास काढला आणि तिसऱ्या महिन्यात लागेल तसं तिकीट घेतलं. खर्च होईल ४० दिवसांचं भाडं, अधिक तिसऱ्या महिन्यात जितके दिवस गेला तितकं. तिमाहीचा खर्च ५० दिवसांचा. म्हणजे सगळा निर्णय एका आकड्यावर येऊन ठेपतो: तिसऱ्या महिन्यात तो १० दिवसांपेक्षा जास्त जाणार का? जास्त जाणार असेल तर तिमाही, कमी असेल तर मासिक. आणि या पठ्ठ्याची परीक्षा नेमकी तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात! परीक्षेनंतर तो अभ्यासिकेकडे फिरकणार का, हे त्यालाही माहीत नव्हतं.

इथून पुढे गणित संपतं आणि माणूस सुरू होतो. आपण किती वेळा जाऊ याचा अंदाज आपल्याला नीट बांधता येतो का? आणि पैसे एकदम भरले की हप्त्याने, यावरून आपलं जाणंच बदलतं का?

जिम, नाटक आणि डिस्नेलँड

आपल्याकडे करमणुकीचं मैदान म्हणजे हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचं दसरा प्रदर्शन. आकाशपाळण्यात बसा, पैसे द्या, उतरा. अमेरिकेत थीम पार्कचा वर्षाचा पास असतो आणि तो हप्त्यांवर मिळतो. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडने ऑगस्ट २०२१मध्ये जे नवे पास आणले, त्यातला सर्वात महागडा १,३९९ डॉलरचा होता. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना तो १७९ डॉलर आधी आणि पुढे बारा महिने सुमारे १०२ डॉलर असा बिनव्याजी घेता येई. एसटीच्या अगदी उलट: हप्त्याने घ्या किंवा एकदम घ्या, एकूण रक्कम तीच.

मग कंपनीला यात काय मिळतं? एक उत्तर उघड आहे: १,३९९चा आकडा ऐकून मागे सरकणारा माणूस १०२ला तयार होतो. जॉन गोरव्हिल यांनी १९९८मध्ये याचा अभ्यास केला. मोठी रक्कम 'दिवसाला इतकेच' अशी मांडली की आपण ती चहापाण्यासारख्या किरकोळ खर्चांशी ताडून बघतो, आणि ती लहान वाटते. बिनव्याजी म्हटलं की आपण सैल होतो, हा दुसरा भाग. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्येच बँकांना बजावलं होतं की क्रेडिट कार्डावरच्या शून्य टक्के योजनांमध्ये व्याज बरेचदा प्रोसेसिंग फीच्या रूपात लपवलेलं असतं. तेव्हा मोबाइल हप्त्यावर घेताना व्याजाचा रकाना बघून थांबू नका. एकूण किती भरणार, ते बघा.

अंदाजाच्या प्रश्नावर सर्वात गाजलेला पेपर डेलाविन्या आणि माल्मेंडिअर यांचा, २००६चा. त्यांनी तीन जिममधल्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची हजेरी तपासली. ७० डॉलरपेक्षा जास्त मासिक फी भरणारे सभासद महिन्याला सरासरी ४.३ वेळा येत होते, म्हणजे एका फेरीला १७ डॉलरहून जास्त पडत होते. त्याच जिममध्ये दहा फेऱ्यांचं कार्ड घेतलं तर एक फेरी १० डॉलरला होती. लोक 'उद्याचा मी' फार शिस्तीचा धरून पैसे भरत होते. अजून गंमत म्हणजे, कधीही सोडता येईल असा मासिक करार घेणारे लोक वर्षाच्या करारवाल्यांपेक्षा एका वर्षानंतरही टिकून राहण्याची शक्यता १७ टक्क्यांनी जास्त होती. सोडता येतं, पण सोडायचं राहून जातं.

आता दुसरा प्रश्न: पैसे भरण्याची पद्धत वागणं बदलते का? गोरव्हिल आणि दिलीप सोमण यांनी १९९८मध्ये सहा महिन्यांनी एकदा फी भरणाऱ्या जिम सभासदांची हजेरी पाहिली. फी भरलेल्या महिन्यात हजेरी सर्वात जास्त, मग उतरत जाते, पुढची फी भरली की परत वर. पैसे गेल्याची टोचणी हळूहळू बोथट होते, असं त्यांचं म्हणणं.

आता तुमचं काम: शंका काढा

हे वाचून कुणी म्हणेल, "मग ठरलं! दरमहा पैसे भरावेत, टोचणी ताजी राहते, माणूस नियमित येतो." संशोधनाची तयारी करणाऱ्याने इथेच हात वर करायला हवा.

मासिक भरणारे आणि वर्षाचे भरणारे ही मुळात वेगळी माणसं असू शकतात. ज्याची नोकरी अस्थिर तो मासिक घेईल. ज्याला स्वतःवर जास्त भरवसा तो वर्षाचं घेईल. दोघांच्या हजेरीतला फरक पैसे भरण्याच्या पद्धतीमुळे आला की माणसांमुळे, हे नुसत्या रजिस्टरवरून सांगता येत नाही. याला आपण निवडीचा पक्षपात म्हणतो. गोरव्हिल-सोमण यांचा चढउतार थोडा जास्त भरवशाचा वाटतो, कारण तिथे तोच माणूस फी भरण्याच्या आधी आणि नंतर पाहिलाय.

खरा उपाय अर्क्स आणि ब्लूमर यांनी १९८५च्या पेपरात दाखवला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाचं तिकीट घ्यायला आलेल्या पहिल्या ६० जणांना त्यांनी यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत वाटलं. काहींनी पूर्ण १५ डॉलर भरले, काहींना २ डॉलर सूट, काहींना ७ डॉलर सूट. सूट कुणाला मिळणार हे माणसाने निवडलं नव्हतं, म्हणून गट सारखे. पहिल्या अर्ध्या हंगामात पूर्ण पैसे भरलेल्यांनी सरासरी ४.११ नाटकं पाहिली, सूटवाल्यांनी ३.३२ आणि ३.२९. दुसऱ्या अर्ध्यात म्हणण्यासारखा फरक उरला नाही. केवळ ६० माणसं, एक खिडकी, एक वही. महागडं यंत्र नाही की प्रयोगशाळा नाही.

असा अभ्यास तुम्ही हिंगोलीत, वसमतमध्ये, सेनगावात करू शकता. अभ्यासिकांत हजेरीची वही असतेच. करायचा असेल तर चार गोष्टी आधी कागदावर लिहून ठेवा:

१. काय मोजणार? हजेरी म्हणजे अभ्यास नव्हे. दिवस मोजणार की तास, ते आधीच ठरवा. निकाल बघून ठरवू नका.

२. गट कसे पाडणार? चिठ्ठ्या टाका. मालकाच्या ओळखीने नको.

३. एकूण फी दोन्ही गटांना सारखीच ठेवा. एसटीसारखं तिमाही स्वस्त केलं, तर फरक स्वस्ताईमुळे आला की एकदम भरल्यामुळे, ते कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला.

४. मुलांची संमती घ्या. आणि ज्याच्याकडे एकरकमी पैसेच नाहीत त्याला चिठ्ठीच्या जोरावर तिमाहीच्या गटात ढकलू नका.

चौथ्या मुद्द्यात मोठी अडचण लपलीय. ज्यांना परवडत नाही त्यांना वगळलं, तर तुमचा निष्कर्ष फक्त ज्यांना परवडतं त्यांच्याबद्दल उरतो. आणि प्रश्न तर न परवडणाऱ्याचाच होता! एक वाट अशी: सगळ्यांकडून हप्त्यानेच घ्या, फक्त हप्त्याची तारीख बदला. एका गटाला महिन्याच्या सुरुवातीला, दुसऱ्याला मध्यावर. मग हजेरीचा चढ तारखेबरोबर सरकतो का ते बघा. टोचणीची गोष्ट खरी असेल तर सरकायला हवा.

ज्युनिअरला काय सांगितलं?

त्याला म्हटलं, मागच्या तीन महिन्यांची तुझी अभ्यासिकेतली हजेरी मोज. मनातली नको, वहीतली. महिन्याला २० दिवसांपेक्षा कमी येत असशील, तर मासिकसुद्धा तोट्यात आहे, सुटं तिकीट घे. त्याने मोजली. २३, २१, १७. तो स्वतःला २६ समजत होता.

आणि परीक्षेनंतर १० दिवस तरी येणार का? तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "नाही ताई, सोयाबीन काढायला घरी लागेल."

मासिकच काढला त्याने. ८०० रुपयांचा तोटा वाटणारा पर्याय त्याच्यासाठी बरोबर होता, आणि ते त्याच्या स्वतःच्या वहीतून निघालं. तुमचा पास काढण्याआधी तुमची वही बघा. आणि पेपर वाचताना लेखकांनी कोणाची वही बघितली, ते आधी शोधा.