घरातील समुद्रकुंड

ओहोटी लागली की कोकणच्या कातळी किनाऱ्यावर जागोजाग लहान लहान डबकी उघडी पडतात. समुद्र मागे हटतो आणि खडकांच्या खळग्यांत जे पाणी राहते, त्यात त्याचा एक छोटासा संसार अडकून पडतो. कडेला कालवे आणि शिणाणे चिकटलेली असतात. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा आपले घर पाठीवर घेऊन फिरत असतो. बोटभर लांबीचे मासे माणसाची सावली पडताच कपारीत नाहीसे होतात. तळाशी समुद्रफूल पाकळ्या पसरून बसलेले असते. ते दिसते फुलासारखे, परंतु वस्तुतः तो एक मांसाहारी प्राणी आहे. रत्नागिरीला किंवा मालवणला सुटीत गेलेली मुले या डबक्यांपाशी तासन् तास रमतात, आणि परत निघताना त्यांचा एकच हट्ट असतो: हे घरी न्यायचे.

घर मुंबईला असेल तर हा हट्ट एक वेळ समजण्यासारखा आहे. तेथे मरीन लाइन्सवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, त्याच्याही शेजारी समुद्र होताच. परंतु घर रायपूरला असेल तर? नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे राहत आली आहेत. त्यांच्या गावाला पाण्याची वाण नाही. बूढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध अशी मोठमोठी तळी या शहराने पाहिली आहेत. पण ते सारे पाणी गोडे. पुरीचा समुद्र म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि तो किनारा वाळूचा असल्यामुळे तेथे अशी डबकी सहसा आढळत नाहीत. खडकांतील डबके पाहावयाचे तर विशाखापट्टणमची गाडी धरावी लागते. अशा ठिकाणी, मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या घरात जात असता, समुद्राचे थंड डबके घरात जिवंत ठेवता येईल काय?

येईल, परंतु त्याआधी ते डबके मुळात जिवंत कशामुळे राहते, हे समजून घेतले पाहिजे.

ओहोटीनंतर उन्हात पडलेले डबके तापते. त्यातील पाणी आटून खारटपणा वाढतो. पाऊस पडला तर तोच एकाएकी कमी होतो. प्राणी श्वास घेतात, त्यामुळे प्राणवायू घटतो, आणि त्यांची घाण साचू लागते. एखादा दिवस असाच गेला तर बहुतेक जीव मरतील. पण तसे होत नाही, कारण सुमारे साडेबारा तासांच्या फेऱ्याने भरती पुन्हा येते. ती येताना चार गोष्टी करते: गारवा आणते, प्राणवायू आणते, अन्न आणते आणि घाण वाहून नेते. खाऱ्या पाण्याचे प्रमाणही ती पुन्हा जेथल्या तेथे आणून ठेवते. डबके तापते, परंतु तापलेले राहत नाही. त्यातील जीव चार तासांचा ताप सोसण्यासाठी घडलेले आहेत, चाळीस दिवसांचा नव्हे. काचेच्या पेटीत डबके मांडणे म्हणजे भरतीची ही सर्व कामे आपल्या अंगावर घेणे होय.

ही कामे एका घराने प्रथम कशी पार पाडली, त्याची हकिकत मोठी बोधप्रद आहे. १८४६ साली ॲना थिन नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या पत्नीने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. लंडनलाही समुद्र नव्हता. खारे पाणी बाहेरून मागवावे लागे. पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत असे. पुढे बाईंनी त्यात समुद्री वनस्पतीही ठेवल्या. अशा रीतीने ते प्रवाळ त्या घरात वर्षानुवर्षे जगले. भरतीचे एक काम त्या अनाम मोलकरणीच्या हातांनी केले होते. आज तेच काम हवेचा छोटा पंप करतो. परंतु रायपुरात ऐन उन्हाळ्यात वीज गेली, तर लोटा घेऊन पाणी उंचावरून ओतण्याचा तो जुना उपाय अजूनही तितकाच खरा आहे.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद अशी काचेची पेटी घेऊन तीत पंचवीस सेंटिमीटर पाणी भरले, तर ते बरोबर साठ लिटर होते. याहून लहान पेटी सोयीची वाटते खरी, परंतु थोडे पाणी लवकर तापते आणि लवकर नासते. साठ लिटर पाणी, वाळू, दगड आणि काच मिळून वजन ऐंशी किलोंच्या पुढे जाते. म्हणून मेज भक्कम हवे. ते पश्चिमेच्या भिंतीला किंवा गच्चीखालच्या खोलीत ठेवू नये. घरातील सर्वांत गार, उत्तरेकडची खोली निवडावी, आणि पेटीवर थेट ऊन कधीही पडू देऊ नये.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आपल्या पेटीला दोन किलो शंभर ग्रॅम क्षार लागतील. येथे पुष्कळांची पहिली चूक होते: ते स्वयंपाकघरातील मीठ घालतात. समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सल्फेट यांचेही ठरलेले प्रमाण असते; कवच बांधणाऱ्या जीवांना त्यांवाचून जगता येत नाही. मत्स्यालयासाठी तयार मिळणारे समुद्रक्षारच वापरावेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवले पाहिजे. त्यासाठी छायाचित्रकारांचा जुना हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, उपयोगी पडतो. क्षार विरघळले की घनतामापी पाण्यात सोडून पाहावा. दुधात पाणी किती हे सांगणाऱ्या लॅक्टोमीटरचाच तो भाऊबंद. समुद्राच्या पाण्यात तो १.०२५ च्या आसपास तरंगतो.

यानंतरचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड, कारण ते वाट पाहण्याचे आहे. पाणी तयार झाले म्हणजे डबके तयार झाले असे नाही. प्राण्यांच्या घाणीतून अमोनिया निघतो. तो विषारी असून, पाणी जितके उष्ण तितके त्याचे विष अधिक तीव्र. समुद्रात पाण्याच्या अफाट विस्तारात तो विरून जातो. पेटीत त्याची विल्हेवाट लावणारे जंतू वाळूवर आणि दगडांवर आधी वाढावे लागतात. एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी. दुकानातून आणलेला जिवंत दगड व वाळू घालून, चिमूटभर अन्न टाकून, पंप चालू ठेवून चार ते सहा आठवडे पेटी प्राण्यांवाचून तशीच ठेवावी. कसोटीच्या औषधाने पाहिले असता अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की मगच पहिला प्राणी आणावा. नव्या डबक्यांतील बहुसंख्य मृत्यू या सहा आठवड्यांच्या अधीरतेपायी होतात.

आता रायपूरचा खरा प्रश्न, म्हणजे उन्हाळा. दहा अंश तापमानाच्या एका लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम सहा. पाणी तापले की प्राण्याची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात, आणि नेमका त्याच वेळी प्राणवायू कमी पडतो. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील जीवांना दहा-पंधरा अंशांचे पाणी लागते. त्यांचा मोह रायपूरकराने धरू नये; त्यासाठी पाणी थंड करणारे यंत्र अहोरात्र चालवावे लागेल, आणि वीज गेली की एका दुपारीत सर्व संपेल. आपल्या किनाऱ्यावरचे जीव अधिक उष्णतेला सरावलेले असतात. त्यांच्यासाठी पाणी पंचवीस ते अठ्ठावीस अंशांत राहिले म्हणजे पुरे.

तेवढा गारवा आणण्याची युक्ती प्रत्येक घरातल्या माठात आहे. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते: एका लिटरमागे सुमारे ५८० किलोकॅलरी. साठ लिटरांतून एवढी उष्णता गेली आणि बाहेरून नवी आली नाही, तर पाणी नऊ अंशांहून अधिक उतरेल. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सतत आत येत असते. तरीही पेटीचे झाकण काढून पाण्यावरून लहान पंख्याचा वारा सोडला की दोन ते चार अंशांचा फरक सहज पडतो. रायपूरचा मे महिना कोरडा असतो, आणि कोरड्या हवेत ही युक्ती उत्तम चालते. खोलीत कूलर लावला तर खोली गार होते, परंतु हवा दमट झाल्याने पंख्याचा गुण थोडा कमी होतो. पावसाळ्यात तो आणखी कमी होतो. मात्र तेव्हा उन्हाची तलखीही उतरलेली असते. अगदी कठीण दुपारी बर्फ केलेली पाण्याची बंद बाटली पेटीत तरंगत ठेवावी. बर्फाचे खडे थेट टाकू नयेत, कारण त्यामुळे पाण्याचा खारटपणा बिघडतो.

या पंख्याची एक किंमतही आहे. वाफ होते ती पाण्याची. क्षार मागेच राहतात. साठ लिटरांतून तीन लिटर पाणी उडाले, तर पस्तीस ग्रॅमांचे प्रमाण जवळजवळ सदतीसवर जाते. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ ओढावी, आणि पाणी जेवढे उतरेल तेवढे शुद्ध गोडे पाणी रोज सकाळी घालावे. येथे खारे पाणी घालणे ही पुष्कळांची दुसरी चूक होय.

घाण वाहून नेण्याचे काम उरते. त्याला रायपूरच्या मराठी घरात एक चांगला सोबती भिंतीवर टांगलेलाच असतो, तो म्हणजे पंचांग. किनाऱ्यावरील उंच जागची डबकी रोजच्या भरतीला भेटत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे उधाणच त्यांच्यापर्यंत पोहोचते आणि त्यांतील जुने पाणी बदलून जाते. घरच्या डबक्यालाही तोच नियम लावावा. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला सहा लिटर पाणी काढावे आणि दोनशे दहा ग्रॅम क्षार घालून आदल्या दिवशी तयार केलेले तेवढेच पाणी, त्याच तापमानाचे, भरावे. समुद्राचे उधाण ज्या दिवसांत येते त्याच दिवसांत घरचेही उधाण आले, म्हणजे ते विसरले जात नाही.

जीव किती ठेवावेत? जितके कमी तितके चांगले. सुरुवातीला शेवाळ खाणाऱ्या दोन-तीन लहान शंखगोगलगाई आणि शंखात राहणारा एखादा खेकडा. त्याच्यासाठी थोडे मोठे रिकामे शंख तळाशी ठेवावेत, म्हणजे वाढला की त्याला घर बदलता येते. समुद्रफूल सहा महिन्यांनंतर, पेटी स्थिरावल्यावर आणावे. या प्राण्याविषयी एक गोष्ट प्रत्येक हौशी माणसाने ध्यानात ठेवावी. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियल यांनी १८२८ साली खडकांतून एक समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवले. ते १८५१ साली वारले. समुद्रफूल मात्र जगत राहिले. एका हातातून दुसऱ्या हातात जात, पाणी बदलून घेत, शेकडो पिल्ले देत, ते १८८७ पर्यंत म्हणजे एकोणसाठ वर्षे जगले. लोक त्याला ‘आजी’ म्हणत. असा जीव पेटीत दोन महिन्यांत मेला, तर त्याचे आयुष्य सरले होते असे म्हणण्याची सोय राहत नाही.

शेवटी, हे जीव आणावेत कोठून? ॲना थिन यांच्यानंतर फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाच्या १८५४ सालच्या पुस्तकाने इंग्लंडात घरोघरी समुद्रकुंडांची हौस पसरली. हजारो माणसे टोपल्या घेऊन किनाऱ्यावर लोटली, आणि थोड्याच वर्षांत कित्येक सुंदर डबकी ओसाड झाली. गॉस यांच्या मुलाने १९०७ साली आपल्या आठवणींत त्याबद्दल खेद नोंदविला आहे. कोकणातल्या डबक्यातून प्रत्येक पाहुण्याने एकेक जीव नेला, तर तेथेही हेच घडेल. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत २००१ साली प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांचा समावेश झालेला आहे. ते किनाऱ्यावरून उचलणे हा गुन्हा आहे. शिवाय उन्हाळ्यात आगगाडीच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत रायपूरला निघालेला जीव बहुधा वाटेतच मरतो. पेटीसाठी संवर्धित जीव, खात्रीच्या विक्रेत्याकडून, एकदोनच घ्यावेत. आणि कंटाळा आला म्हणून ते जवळच्या तळ्यात सोडू नयेत, कारण गोड्या पाण्यात ते जगणार नाहीत.

मूल हट्ट धरते ते डबके घरी नेण्यासाठी. डबके आहे तेथेच राहू द्यावे, आणि ते कशाने जगते एवढे मात्र मुलाला घरी शिकू द्यावे. रोज सकाळी रेघेपर्यंत पाणी भरणारे, मे महिन्यातल्या दुपारी तापमापी पाहून पंखा लावणारे, पौर्णिमेला सहा लिटर पाणी बदलणारे रायपूरचे मूल पुढच्या सुटीत मालवणच्या कातळावर उभे राहील, तेव्हा भरती परत येताना त्याला दिसेल. तिचे काम किती मोठे आहे, हे त्याला त्या वेळी कोणी सांगावे लागणार नाही.