वजनाचा जमाखर्च – लेखांक ६ : ताणाच्या नोंदी

मागच्या लेखांकात आपण उष्मांकांचा जमाखर्च पाहिला. मोजूनमापून जेवणाऱ्या माणसाचा काटा तरीही महिनोन्‌महिने जागचा का हलत नाही, हा प्रश्न तिथे उरला होता. ‘ताणामुळे’ हे उत्तर हल्ली सर्रास मिळतं आणि त्याच्या जोडीला ‘कॉर्टिसॉल उतरवणारी’ चूर्णंही विकली जातात. माझ्या मते ताण हा जमाखर्च रद्द करत नाही. तो जमेच्या बाजूला नोंद न झालेल्या रकमा टाकतो आणि वजन उतरलंच, तर चरबीऐवजी स्नायूंमधून उतरवतो. म्हणून झोपेची आणि ताणाची व्यवस्था आहाराच्या आधी लावायला हवी.

संकट दिसलं की मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, रक्तातली साखर वाढते आणि शरीर धावपळीला सज्ज होतं. हे संप्रेरक आजारामुळे अतोनात वाढलं, की हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, असं कुशिंग विकाराचं चित्र दिसतं. रोजच्या कटकटींनी कॉर्टिसॉल त्या पातळीला पोचत नाही, म्हणून ‘ताणाने आपोआप चरबी साठते’ हे विधान मी करणार नाही. खरा रस्ता भुकेचा आहे. एलिसा एपेल यांनी २००१ साली ५९ स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात, ताण दिल्यावर ज्यांचं कॉर्टिसॉल जास्त उसळलं त्यांनी त्या दिवशी जास्त खाल्लं आणि त्यातही गोड जास्त. आपल्याकडे हे संध्याकाळी सातच्या सुमाराला ओट्याशी घडतं. दिवसभराचं ओझं घेऊन माणूस घरी येतो, स्वयंपाकाला अजून तासभर असतो, आणि उभ्याउभ्याच हात शेवेच्या डब्यात जातो. एक मूठ शेव २५-३० ग्रॅम भरते, म्हणजे साधारण १५० उष्मांक. रात्री वहीत दोन पोळ्या आणि भाजी लिहिली जाते. त्या दोन-तीन मुठी लिहिल्या जात नाहीत. यात लबाडी नसते, त्या खरोखरच लक्षात राहत नाहीत.

ताण झोपही खातो, आणि इथला पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली जादा वजनाच्या दहा जणांना १४ दिवस कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं; एकदा रात्री साडेआठ तास झोपेची मुभा देऊन, एकदा साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन सुमारे तीन किलोच घटलं. मात्र पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत केवळ ०.६ किलो. बाकीची घट मुख्यतः स्नायूंसारख्या चरबीविरहित ऊतींची. भारतीयांना हा तोटा जास्त महाग पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचं आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारीशेजारी छापलं होतं. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. मुळातच स्नायू कमी असलेल्यांनी तेच गमावून काट्यावर समाधान मानणं धोक्याचं आहे.

‘दुःखात तर माणसं वाळतात’ हा आक्षेप रास्त आहे. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात कामाच्या ताणाखाली सडपातळ पुरुष आणखी बारीक झाले, स्थूल पुरुष आणखी जाड. म्हणजे ताण ज्याला-त्याला त्याच्या कलाकडे ढकलतो. दुसरा आक्षेप ध्यानधारणेचा: ताण नडत असेल, तर ध्यानाने वजन उतरायला हवं. स्थूल स्त्रियांवरच्या २०११ सालच्या एका प्रयोगात सजगतेचा सराव करणाऱ्या आणि न करणाऱ्या गटांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही, हे मान्यच करायला हवं. प्राणायामाने मन निवत असेल तर जरूर करावा, पण चरबी वितळण्याची अपेक्षा त्याच्यावर लादू नये. झोपेचं तसं नाही. साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या ८० जणांवरच्या २०२२ सालच्या चाचणीत, ज्यांची झोप सुमारे सव्वा तासाने वाढली, त्यांचं खाणं कुठलाही आहारसल्ला न देता दिवसाला सरासरी २७० उष्मांकांनी घटलं.

पण पहाटे पाचला उठून डबे करणाऱ्या बाईला ‘लवकर झोपा’ सांगून काय होणार? तिची झोप घरातल्या इतरांच्या हातात आहे. रात्रीची झाकपाक आणि उद्याची भाजी चिरणं दुसऱ्या कुणी उचललं तरच तो तास मिळतो. आहारतज्ज्ञांनी म्हणूनच घरच्यांनाही समोर बसवून हे बोलावं. आणि घरात आजारपण किंवा मुलांची बोर्डाची परीक्षा असेल, तेव्हा कडक आहार सुरूच करू नये. १२०० उष्मांकांवर तीन आठवडे राहिल्याने स्त्रियांचं कॉर्टिसॉल वाढल्याचं २०१० साली दिसलं आहे. आधीच्या ताणात ही नवी भर कशाला? अशा काळात वजन वाढू न देणं एवढंच उद्दिष्ट पुरे. डाळी, अंडी, ताक चालू ठेवावं, संध्याकाळी सहाला बसून पोटभर काही खावं, म्हणजे सातला डबा उघडावा लागत नाही.