गोळ्या किती, वेदना किती?

“लागली तरच गोळी घेते, डॉक्टर.” वेदनाशामक औषधांविषयी विचारले की हे उत्तर हमखास मिळते. त्यात खोटेपणा नसतो. मोजमाप मात्र नसते.

गुडघेदुखीसाठी माझ्याकडे येणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या एका आजींच्या पायांवर सूज दिसू लागली. तपासणीत रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले आढळले. घरातील सगळी औषधे पिशवीत घालून आणायला मी त्यांच्या सूनबाईंना सांगितले. पिशवीतून वेदनाशामकांची तीन पाकिटे निघाली. मी दिलेल्या गोळीत ॲसिक्लोफिनॅक व पॅरासिटामॉल होते, कंबरदुखीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत डायक्लोफिनॅक, तर दुकानातून परस्पर आणलेल्या गोळीत पुन्हा पॅरासिटामॉल. आजींच्या लेखी ती तीन दुखण्यांची तीन औषधे होती. मूत्रपिंडावर मात्र एकाच जातीच्या दोन औषधांचा भार पडत होता. चूक माझीही होती. “आणखी काही घेता का?” एवढेच मी विचारले होते, पिशवी पाहिली नव्हती.

म्हणून वाचकहो, गोळ्या मोजू नका, मिलिग्रॅम मोजा. पाकिटावरील व्यापारी नाव कंपनीने दिलेले असते. घटकद्रव्य व त्याचे प्रमाण वेगळे छापलेले असते. आजींचाच हिशेब पाहा. संयुक्त गोळीत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, अशा दोन गोळ्यांचे ६५० झाले. दुकानातील ६५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्यांचे १९५० झाले. दिवसाची बेरीज २६०० मिलिग्रॅम. सुदृढ प्रौढासाठी २४ तासांतील कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे. परंतु वार्धक्य, कमी वजन, यकृताचा विकार किंवा मद्यपान असल्यास डॉक्टर ती बरीच खाली आणतात. आपली मर्यादा विचारून पाकिटावर लिहून ठेवा.

तुलना करतानाही सावध असावे. दोन निराळ्या औषधांचे मिलिग्रॅम एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने औषधवापराच्या अभ्यासासाठी प्रौढांचे सरासरी दैनिक प्रमाण ठरविले आहे. ते पॅरासिटामॉलसाठी ३००० मिलिग्रॅम, आयब्युप्रोफेनसाठी १२००, तर डायक्लोफिनॅकसाठी केवळ १०० आहे. हे मोजण्याचे एकक आहे, घ्यावयाची मात्रा नव्हे. परंतु ‘५० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे सौम्य’ हा समज किती फसवा आहे, हे त्यातून कळते. शेजारच्या काकूंशीही तुलना नको. आपली तुलना आपल्याच मागील आठवड्याशी करावी.

त्यासाठी साधी वही पुरे. रोज चार गोष्टी लिहाव्यात: औषधाचे नाव व मिलिग्रॅम, घेतल्याची वेळ, गोळीपूर्वी व दोन तासांनंतर वेदना शून्य ते दहापैकी किती, आणि त्या दिवशी काय करता आले, म्हणजे जिना चढलो का, झोप लागली का. ज्यांना स्मृतिभ्रंशामुळे आकडा सांगता येत नाही, त्यांच्या कपाळावरील आठ्या, कण्हणे, कूस बदलताना होणारा त्रास काळजी घेणाऱ्याने टिपावा. गोळ्या वाढल्या आणि वेदना तेवढीच राहिली, तर औषध वाढविण्याची नव्हे, उपचाराचा फेरविचार करण्याची ती वेळ असते.

शौचास काळी होणे, लघवी कमी होणे किंवा पायांवर सूज येणे यांपैकी काहीही दिसल्यास वहीची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. ट्रामाडॉलसारखे औषध दीर्घकाळ चालू असल्यास ते आपल्या मनाने एकदम थांबवूही नये.

आजींच्या दोन गोळ्या बंद केल्या. वहीवरून कळले की दुखणे सकाळी उठतानाच अधिक असते. पॅरासिटामॉलची वेळ त्यानुसार बदलली, व्यायामाची जोड दिली. काही आठवड्यांत क्रिएटिनिन खाली आले. गुडघा अजूनही दुखतो. पण किती दुखतो आणि त्यासाठी किती औषध पोटात जाते, हे आता आजींना ठाऊक आहे.

पुढच्या भेटीला जाताना आपलीही पिशवी सोबत न्या.