कुलूपबंद प्रोफाइल उघडून देणारे

बार्शीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगचा पोर्ट, पाण्यात पडलेला फोन असली आमची कामं. पण काही गिऱ्हाइकं दुरुस्तीला आलेली नसतातच. ती दुकान रिकामं व्हायची वाट बघतात, मग काउंटरवर वाकून हळूच विचारतात, "ताई, एकाचं इन्स्टा बघायचं होतं. प्रायव्हेट हाय. तेवढं हुईल का?"

विचारणारे काही गुंड-बदमाश नसतात. मुलीला स्थळ सांगून आलंय, मुलगा पुण्याला नोकरीला, तो खरा कसा आहे ते बघायचं असतं बापाला. एखादीला नवऱ्याचा संशय असतो. एखाद्याचे पैसे घेऊन मित्र गायब झालेला असतो. आणि कॉलेजातली पोरं असतातच, त्यांचं कारण विचारायची गरज पडत नाही. मी "होत नाही" म्हणते. त्यावर सगळ्यांचं उत्तर एकच, "यूट्यूबवर तर करून दाखवत्यात की."

करून दाखवतात ते काय, हे आधी सांगते. प्रायव्हेट खात्यातले फोटो तुमच्या फोनमध्ये नसतात, ते कंपनीच्या सर्व्हरवर असतात. तुम्ही प्रोफाइल उघडलं की तो सर्व्हर आधी बघतो, मागणारा कोण, त्याला त्या खात्याने फॉलोअर म्हणून मंजुरी दिलीय का. नसेल, तर फोटो पाठवलाच जात नाही. लोकांना वाटतं की फोटो आपल्यापर्यंत येतो आणि वर नुसता पडदा असतो, तो एखाद्या ॲपने बाजूला सारला की झालं. तसं नसतं. पोस्टमनने पाकीट आणलंच नाही, तर तुम्ही फोडणार काय?

मात्र खातं प्रायव्हेट असलं तरी प्रोफाइलचा फोटो, नाव, त्याखालच्या दोन ओळी आणि फॉलोअर्सचा आकडा कुणालाही दिसतो. ‘प्रायव्हेट प्रोफाइल बघा’ म्हणणाऱ्या साइट नेमकं एवढंच उचलून आधी तुमच्यासमोर ठेवतात. गिऱ्हाईक खूश होतं, "बघा, बरोबर सापडलं!" मग काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं धावतात, टक्केवारी चढत जाते, शेवटी धूसर केलेले चौकोन दिसतात. ते चौकोन त्या माणसाचे फोटो नसतात, कुणाचेही असतात.

कुणी फारच हट्टाला पेटलं तर मी सिम नसलेला, कुठलंही खातं नसलेला एक जुना फोन काढते. त्यावर ती साइट उघडायची आणि नावाच्या जागी बोटाला येतील ती अक्षरं दाबायची. असं खातं जगात नसतं, तरीही बऱ्याचदा टक्केवारी शंभरावर जाते आणि ‘फोटो मिळाले’ असा निरोप येतो. नसलेल्या माणसाचे फोटो सापडले की गिऱ्हाईक आपोआप गप्प होतं. माझ्या समजावण्यापेक्षा ह्या खेळाचा उपयोग जास्त होतो.

चौकोन धूसर का, तर ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून. त्यासाठी एक सर्व्हे भरा, एखादा गेम उतरवून घ्या, मोबाईल नंबर टाका. ह्या प्रत्येक सर्व्हेमागे आणि गेममागे साइटवाल्याला कमिशन मिळतं, त्याचा धंदा तोच. एक भरला की दुसरा येतो. फोटो कधीच येत नाहीत. वेळ गेला, नंबर गेला, उद्यापासून नको त्या लोकांचे फोन सुरू. ही त्यातल्या त्यात सौम्य फसवणूक म्हणायची.

दुसऱ्या प्रकारात तुमचंच खातं मागतात. ‘आधी स्वतःच्या खात्यातून लॉगइन करा’ असं म्हणून हुबेहूब इन्स्टाग्रामसारखं पान समोर येतं. पत्ता वाचताना लोक पहिला शब्द बघतात आणि फसतात. बघायचं असतं ते डॉट कॉमच्या लगेच आधी काय आहे ते. ‘इन्स्टाग्राम डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असेल, तर ते पान अमुकतमुकचं, इन्स्टाग्रामचं नव्हे. तिथे पासवर्ड टाकला की थोड्या वेळाने तुमच्याच नावाने तुमच्या नातेवाइकांना ‘अर्जंट पैसे हवेत’ असे मेसेज जाऊ लागतात. दुसऱ्याच्या खात्यात डोकवायला गेलेल्याचं स्वतःचं खातं जातं.

‘तुमचं प्रोफाइल कोण चोरून बघतं ते कळेल’ हे त्याच घरातलं भावंड. फेसबुक आणि इन्स्टाग्राम तुमचं प्रोफाइल कोण बघून गेलं ते सांगत नाहीत, आणि कुठल्या बाहेरच्या ॲपला ती माहिती देतही नाहीत. कंपनीला हे प्रकार इतके ठाऊक आहेत, की कॉम्प्युटरवर फेसबुक उघडून ब्राउझरची प्रोग्रामरांसाठीची खिडकी उघडली, तर तिथे मोठ्या अक्षरांत ‘थांबा’ अशी सूचना दिसते. कुणाचं खातं हॅक करण्यासाठी इथे काही चिकटवायला सांगितलं असेल तर ती फसवणूक आहे आणि त्याने तुमचंच खातं त्यांच्या हाती जाईल, असं तिथे लिहिलेलं असतं.

मला खरी भीती वाटते ती एपीके फाइलची. व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर फाइल येते, सोबत सूचना: ‘अनोळखी ॲप उतरवायची परवानगी द्या, प्ले प्रोटेक्ट बंद करा.’ जो तुम्हाला फोनचा पहारेकरी बंद करायला सांगतो तो चोर, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ. पुढे ते ॲप एसएमएस वाचायची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतं. ॲक्सेसिबिलिटी ही सोय अंध-अपंगांसाठी केलेली आहे. ती मिळाली की ॲप पडद्यावरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. एसएमएस वाचता आले की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी तेच वाचतं. असा फोन दुकानात आला की मी आधी इंटरनेट बंद करते, दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन लावायला सांगते, आणि मगच तो उघडून बघते.

आता टेलिग्रामवरचे ‘एथिकल हॅकर’. व्हॉट्सॲप चॅट काढून देतो म्हणतात, हजार-दोन हजार आगाऊ. पैसे गेले की ‘सर्व्हर चार्ज’, मग ‘अनलॉक फी’. चोर जीएसटीही लावतो, हे मी स्वतः गिऱ्हाइकाच्या फोनवर वाचलंय! गिऱ्हाईक पैसे द्यायचं थांबलं की सूर बदलतो, "तू बायकोचा फोन हॅक करायला सांगितलंस, सगळं चॅट माझ्याकडे आहे. पाठवू तिला? का पोलिसांना देऊ?"

माझ्या मते ह्या धंद्याचं खरं भांडवल हेच आहे. लॉटरीत फसलेला माणूस चार जणांत बोंब मारतो. इथे फसलेला तोंड उघडत नाही, कारण काय करायला गेला होता हे त्याला सांगता येत नाही. तक्रारी कमी, म्हणून दुकान चालू राहतं. फसवणारा तुमचा लोभ तर वापरतोच, पण त्याहून जास्त तुमची लाज वापरतो.

"मग बातम्यांत येतं ते काय खोटं?" असं एका शिक्षकांनी मला विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. बातम्या खऱ्या आहेत, पण त्या वेगळ्याच गोष्टींच्या आहेत. २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण गाजलं. सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी फेसबुकवरचं एक प्रश्नोत्तरांचं ॲप वापरलं आणि त्यांच्या मित्रयादीतून ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली, असा फेसबुकचाच अंदाज होता. ते दार कुणी फोडलं नव्हतं. मित्रांची माहिती ॲपला घेऊ देण्याची सोय तेव्हा फेसबुकनेच ठेवली होती, आणि ती २०१५ मध्येच बंद झाली. २०२१ मध्ये ५३ कोटींहून जास्त फेसबुक वापरणाऱ्यांचे नंबर आणि नावं उघड्यावर आली. त्यात खाजगी फोटो नव्हते, चॅटही नव्हतं. आणि पेगासस हे पाळतीचं सॉफ्टवेअर? त्याने व्हॉट्सॲपमधल्या एका त्रुटीतून सुमारे १,४०० फोनांना लक्ष्य केलं, असा आरोप करून व्हॉट्सॲपने २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला. पण ते बनवणारी इस्रायली कंपनी म्हणते की आम्ही फक्त सरकारी यंत्रणांना विकतो. ते हत्यार टेलिग्रामवर दीड हजारात मिळत नाही.

व्हॉट्सॲपचे मेसेज २०१६ पासून दोन्ही टोकांच्या फोनवरच वाचता येतील असे कुलूपबंद होऊन जातात. नुसता नंबर दिला म्हणून मधल्या मध्ये कुणी ते काढून देऊ शकत नाही. वाचता येतात ते फोन हातात मिळाला तर. माझ्याकडे ‘व्हॉट्सॲप हॅक झालं’ म्हणून येणाऱ्या फोनांत बऱ्याचदा ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये घरातलाच एखादा कॉम्प्युटर जोडलेला निघतो. ती यादी सेटिंगमध्ये आहे, आज उघडून बघा. ओळखीचं नसेल ते तिथूनच काढून टाकता येतं.

फोन हातात घेऊन गुपचूप बसवायची पाळतीची ॲप खरोखर असतात, हे मी नाकारत नाही. पण ती वापरणाऱ्यानेही एवढं जाणावं, की चोरलेलं सगळं त्या कंपनीकडेही जमा होतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२१ मध्ये स्पायफोन नावाच्या अशा ॲपवर बंदी आणली, तेव्हा त्यांच्या ढिल्या सुरक्षेवरही बोट ठेवलं होतं. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ६६ आहे. दुसऱ्याच्या फोनमध्ये किंवा खात्यात अप्रामाणिक हेतूने, परवानगीशिवाय शिरलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नवरा-बायकोला त्यात वेगळी सवलत नाही.

स्थळ बघणाऱ्या बापांना मी सरळ सांगते, काका, इन्स्टावर काय कळणार? त्याच्या खोलीतल्या पोरांना भेटा, मेसवाल्याला विचारा, घरमालकाशी चहा घ्या. पूर्वी हेच करायचे आणि त्याला पैसे पडत नव्हते. मुलीलाही विचारा, तिला त्याच्याबद्दल आधीच बरंच काही ठाऊक असतं.

पासवर्ड दिला असेल तर तो लगेच बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा आणि दोन टप्प्यांचं लॉगइन सुरू करा. एपीके घेतली असेल तर फोन ऑफलाइन करून बँकेला कळवा. धमकी येत असेल तर एकही रुपया पुढे देऊ नका आणि चॅट पुसू नका, तोच पुरावा आहे. ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा जो पुढे येईल तो बहुधा ह्याच टोळीतला. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन ह्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत कळलं तर ते अडवता येतात, म्हणून सकाळची वाट न बघता त्याच रात्री फोन लावा.